कोपालिसच्या झाडांची तारीख

॥ श्री ॥

अलिबाग,
२० ऑगस्ट २०२५

चि. मंदार यास मामाचे अनेक आशीर्वाद.

फोटो पोचले. होडी छान, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला तू त्याहून छान. पण एकाही फोटोखाली ना तारीख, ना ठिकाण. ज्यानं बत्तीस वर्षं सरकारी दफ्तरखान्यात काढली त्याला असे फोटो पाठवायचे म्हणजे सुतारासमोर डगमगतं टेबल ठेवायचं. शेवटी ताईला विचारलं तेव्हा ‘कोपालिस नदी’ एवढं कळलं.

फोटोंबरोबर तू दोन वाक्यं लिहिली होतीस. पहिलं : ‘नदीकाठची सगळी झाडं वाळलीत, कीड लागली असणार.’ दुसरं : ‘गेल्या महिन्यात त्सुनामीचा केवढा गाजावाजा केला, आणि आली वीतभर लाट.’ दोन्ही वाक्यं चुकली आहेत. आणि दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातच आहे.

आधी झाडं. आपल्या धरमतर खाडीकाठची शेती तुला आठवत असेल. खाडी आणि भातशेत यांच्यामध्ये मातीचा बांध असतो. मोठ्या उधाणात त्याला खांड पडली की खारं पाणी आत शिरतं. ती खांड वेळेवर बांधून काढली नाही तर भात जातोच, कडेची चिंचही उभ्या उभ्या वाळते. काही वर्षांत शेताचं खाजण होतं आणि तिथं तिवरं उगवतात. तुझ्या फोटोतली झाडं अशीच मेली आहेत. ती लाल सीडरची आहेत, खारं पाणी त्यांना सोसत नाही. फरक एवढाच, की आपल्याकडं पाणी बांध फोडून आत येतं; तिथं जमीनच खाली बसली. एक ते दोन मीटर, आणि तेही बघता बघता. सीडरचं लाकूड सहजी कुजत नाही, म्हणून सव्वातीनशे वर्षं झाली तरी सांगाडे उभे आहेत.

जमीन अशी बसते कशी? तुमच्या किनाऱ्यापुढं समुद्राच्या तळाशी हुआन दे फुका नावाचा लहानसा भूपट्ट आहे. तो वर्षाला तीन-चार सेंटीमीटर, म्हणजे आपली नखं वाढतात त्या गतीनं, उत्तर अमेरिकेच्या पट्टाखाली सरकतो. कॅनडातल्या व्हँकूव्हर बेटापासून कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागापर्यंत सुमारे हजार किलोमीटर लांबीचा हा सांधा. त्याला कॅस्केडिया म्हणतात. सरकणं सुरळीत होत नाही, अडतं. आपल्या माजघराचं पावसात फुगलेलं दार आठव. त्याच्याखाली चटईची कड सापडली की ती दाराबरोबर ओढली जाते आणि मागं चटईला फुगवटा येतो. इथंही तसंच होतं. वरच्या पट्टाची समुद्रातली कड खाली ओढली जाते आणि मागचा किनारा हळूहळू वर येत राहतो. शेकडो वर्षं हे चालतं. मग एके दिवशी अडकलेली कड सुटते आणि उसळी मारून वर येते. किनाऱ्याचा फुगवटा त्याच वेळी खाली बसतो. कोपालिसचं जंगल त्या फुगवट्यावर उभं होतं.

आणि त्या कडेवरचं पाणी? वाऱ्यानं उठणारी लाट समुद्राची नुसती कातडी हलवते. इथं तळापासून वरपर्यंतचं सगळं पाणी उचललं जातं. चार हजार मीटर खोल समुद्रात ही लाट ताशी सातशे किलोमीटरनं धावते, पण तिथं तिची उंची इतकी कमी आणि लांबी इतकी मोठी असते, की होडीखालून गेली तरी कोळ्याला पत्ता लागत नाही. किनाऱ्यापाशी तळ उथळ झाला की पुढचं पाणी मंदावतं, मागचं त्यावर चढतं आणि उंची वाढत जाते. चित्रात काढतात तशी ती कमानदार असेलच असं नाही. पुष्कळदा नुसती भरती आत येत राहते, थांबायचं नाव घेत नाही. कधी त्याआधी पाणी लांबवर ओहोटतं आणि तळ उघडा पडतो. अशा वेळी मासे वेचायला धावलेली माणसं परत येत नाहीत.

हे सगळं तुमच्या किनाऱ्यावर कधी घडलं, हे १९८० च्या दशकापर्यंत कोणाला माहीत नव्हतं. घडलं होतं हेच माहीत नव्हतं. कॅस्केडिया शांत आहे, असं पुष्कळांचं मत होतं. मग ब्रायन ॲटवॉटर हा भूवैज्ञानिक वॉशिंग्टनच्या खाड्यांतून छोट्या होडीनं फिरला आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या काठांवर कुदळ चालवू लागला. त्याला चिखलाखाली गाडलेली गवताळ जमीन सापडली आणि कित्येक ठिकाणी तिच्यावर समुद्राच्या वाळूचा पातळ थर. म्हणजे जमीन एकाएकी बसली आणि तिच्यावरून समुद्र गेला. १९८७ साली त्यानं हे प्रसिद्ध केलं. झाडांच्या लाकडाचं वय रेडिओकार्बननं काढलं, ते १७०० सालाच्या अलीकडं-पलीकडं काही दशकं असं आलं. आमच्या दफ्तरात याला ‘अंदाजे’ म्हणत. आणि अंदाजे म्हणजे नोंद नव्हे.

पक्की नोंद होती, पण ती महासागराच्या दुसऱ्या काठावर.

जपानमध्ये भूकंपामागून त्सुनामी येते हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. पण गेन्रोकु शकाच्या बाराव्या वर्षी, बाराव्या महिन्याच्या आठव्या दिवशी, तिथल्या पूर्व किनाऱ्यावर काही हादरा न बसता समुद्र आत आला. मियाकोजवळच्या कुवागासाकी गावात मध्यरात्री घरं वाहून गेली आणि त्या गोंधळात आग लागून आणखी जळाली. अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलं : किती घरं गेली, किती माणसांना तांदूळ द्यायचा, निवाऱ्याला लाकूड किती लागेल. नाकामिनातोपाशी तांदळाची पोती घेऊन निघालेली नौका फुटली, तिचा कागद झाला. मिहो गावच्या मुखियानं म्हाताऱ्यांना आणि पोरांना देवळाच्या उंचवट्यावर धाडलं आणि मागाहून लिहिलं, की भूकंप झालेला नसताना पाणी असं का चढावं हे कळत नाही. आईबाप नसलेली ही त्सुनामी म्हणून पुढच्या संशोधकांनी तिचं नाव ठेवलं ‘पोरकी’.

१९९६ साली केन्जी साताके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पोरकीचे आईबाप शोधले. जपानी कागदांतल्या वेळा आणि पाण्याच्या उंच्या घेतल्या, आणि लाट महासागर ओलांडायला किती तास घेईल याचा हिशेब उलटा मांडला. उत्तर आलं : २६ जानेवारी १७००, तुमच्याकडचे रात्री नऊ, भूकंपाची तीव्रता नऊच्या आसपास. मग डेव्हिड यामागुची आणि इतरांनी झाडांना पुन्हा विचारलं. उभ्या खोडांची बाहेरची कडी झिजून गेली होती, म्हणजे वहीची शेवटची पानंच गहाळ. म्हणून चिखल उपसून मुळं काढली, त्यांवर साल शाबूत होती. शेवटचं पुरं कडं १६९९ सालच्या वाढीचं निघालं. १७०० चा उन्हाळा त्या झाडांनी पाहिलाच नाही. त्या दिवसांत इकडं औरंगजेबाचा साताऱ्याला वेढा पडला होता आणि राजाराम महाराजांच्या आयुष्याचे पाच आठवडे उरले होते, म्हणजे तुला काळ लक्षात राहील.

मंदार, माझा जीव गुंतला तो इथं. मियाकोच्या त्या कारकुनाला अमेरिका नावाचं काही आहे हेही बहुधा ठाऊक नसेल. त्यानं काव्य केलं नाही, देवाचा कोप म्हणून हात जोडून गप्प बसला नाही. पंचनामा केला. घर किती, तांदूळ किती, तारीख कोणती. मीही उधाणाच्या नुकसानीच्या अशाच याद्या गठ्ठ्यांत बांधून फडताळात ठेवल्या. यांचा कोणाला कधी उपयोग होणार, असं हसत म्हणणारे पुष्कळ होते, त्यांत मीही होतो.

आणि लिहिणारा नव्हता म्हणजे आठवण नव्हती, असंही नाही. व्हँकूव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर पचीना बे म्हणून जागा आहे. तिथल्या मूळ रहिवाशांच्या एका वृद्ध प्रमुखानं १९६४ साली सांगितलं : रात्री जमीन हादरली, मग समुद्र आला, सखल जागेवरची वस्ती अख्खी गेली, उंचावर राहणारे वाचले. ही गोष्ट ते लोक पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगत होते. शास्त्रज्ञांनी ती ऐकायला जरा वेळ लावला, एवढंच.

आता आपल्या घरचं ऐक, म्हणजे मी फक्त तुलाच शिकवतोय असं वाटायला नको. २८ नोव्हेंबर १९४५ ला पहाटे बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्यापुढं समुद्राखाली मोठा भूकंप झाला, तीव्रता ८.१. तिथंही असाच सांधा आहे, अरबी पट्ट युरेशियाच्या खाली जातो. पासनी आणि ओरमारा उद्ध्वस्त झाली. सकाळी आठच्या सुमारास ती लाट मुंबईत पोचली, दोनेक मीटर उंच. होड्यांचे दोर तुटले, वर्सोव्याला आणि माहीमला माणसं बुडाली. भरती-ओहोटी मोजणाऱ्या मुंबईच्या यंत्राच्या पेनानं ती लाट कागदावर काढून ठेवली. आणि मी? जन्म या किनाऱ्यावर, नोकरी जुन्या कागदांत, तरी २००४ च्या डिसेंबरनंतर एका लेखात वाचेपर्यंत अरबी समुद्रात कधी त्सुनामी आली होती हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरात कोणी ते सांगितलं नव्हतं.

न सांगण्याची किंमत त्या २६ डिसेंबरला दिसली. सुमात्रापुढं तळ फाटला, आणि चेन्नई-नागपट्टणमला लाट पोचायला दोन तासांहून जास्त वेळ होता. तेवढ्या वेळात माणसं चालतसुद्धा लांब गेली असती. पण सांगणारं कोणी नव्हतं. एकट्या नागपट्टणम जिल्ह्यात सहा हजारांवर माणसं गेली. उलट सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर, भूकंपाच्या केंद्राला चिकटून असूनही, पाऊण लाखाच्या वस्तीत मेलेल्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यांच्याकडं १९०७ सालच्या लाटेची गोष्ट होती. तिला ते ‘स्मोंग’ म्हणतात. जमीन जोरात हलली आणि समुद्र मागं हटला, की टेकडी गाठायची, हे आजी अंगाईबरोबर शिकवते. आपल्याकडं हैदराबादचं इशारा केंद्र २००७ साली, हे सगळं होऊन गेल्यावर सुरू झालं.

पण नुसती नोंद असून भागत नाही, हेही खरं. ११ मार्च २०११ ला भिंतीवरून काळं पाणी रस्त्यात कोसळताना जगानं पाहिलं ते शहर मियाकोच, ज्याच्या कागदांनी तुमच्या भूकंपाची तारीख सांगितली. कागद फडताळात राहतो, लाट आली की पायांना वाट माहीत असावी लागते.

म्हणून तुझं दुसरं वाक्य. ३० जुलैला कामचाट्काला झालेला ८.८ चा भूकंप तुमच्यापासून हजारो किलोमीटर लांब होता. लाट तुमच्या किनाऱ्याला यायला कित्येक तास लागले, तोवर फोन वाजले, बातम्या आल्या, ताईनं मला पहाटेच उठवलं. ती परक्या गावची लाट होती. कॅस्केडियाची लाट घरची. ती आली तर बाहेरच्या किनाऱ्यावर हाताशी पंधरा-वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. येत्या पन्नास वर्षांत ती मोठी येण्याची शक्यता दहा-पंधरा टक्क्यांच्या घरात असल्याचं शास्त्रज्ञ सांगतात. घाबरून गाव सोडावं इतकी ती नाही आणि हसून सोडून द्यावी इतकी लहानही नाही. कोपालिसच्या दक्षिणेला वेस्टपोर्टमध्ये ओकोस्टा नावाची शाळा आहे. गावात जवळ टेकडी नाही, म्हणून लोकांनी स्वतःवर कर बसवून घेऊन शाळेचंच छप्पर असं बांधलं, की हजार माणसं वर चढून उभी राहतील. २०१६ पासून ते उभं आहे. पुढच्या वेळी तिकडं गेलास तर बघून ये.

तू सिएटलला आतल्या खाडीकाठी राहतोस, पण सुट्टी लागली की इराला घेऊन बाहेरच्या किनाऱ्यावर जातोस. तिथं गाडीतून उतरलास की आधी उंच जागा कुठं आहे ते बघ. निळ्या पाट्या लावलेल्या असतात, लाटेपुढं चढाव चढणारा माणूस काढलेल्या. उभं राहता येऊ नये इतकी जमीन हलली किंवा मिनिटभर थांबली नाही, तर भोंग्याची, फोनची वाट बघायची नाही. भोंगा वाजायच्या आत लाट येऊ शकते. हादरे थांबताच पायी निघायचं, सामान गाडीत राहू दे. पहिली लाट ओसरली म्हणून परत फिरायचं नाही. मागच्या लाटा तिच्याहून मोठ्या असू शकतात आणि त्या तासन्‌तास येत राहतात.

इराला त्या झाडांची गोष्ट सांग. तिला नऊ वर्षं पुरी झाली, समजेल. भूत-जंगल म्हणतात त्याला तिकडं, तेवढ्या नावावरच ती कान देईल.

आणि फोटो पुन्हा पाठव, खाली तारीख आणि ठिकाण घालून. त्यातला एक मोठा करून मी इथं कपाटावर लावणार आहे. ताईला मात्र या पत्रातलं पंधरा मिनिटांचं काही वाचून दाखवू नकोस. झाडांचं तेवढं सांग.

नारळी पौर्णिमा होऊन गेली, होड्या पुन्हा बाहेर पडल्यात. बाकी सर्व ठीक.

तुझा,
अण्णामामा