तुळईचे पाच लाख

बेळगावच्या शहापूर भागात आमचे कौलारू घर होते. यातले ‘होते’ हे क्रियापद लिहायला मला एक वर्ष लागले. तीस वर्षे मुलांना काळ शिकवणाऱ्या मास्तरालाच भूतकाळ इतका जड जावा, याचे आता हसू येते.

आई २०२२ च्या श्रावणात गेली आणि घराला कुलूप लागले. मी टिळकवाडीत, धाकटा भाऊ पुण्यात, बहीण इचलकरंजीला. वर्षश्राद्ध झाल्यावर घर विकायचे ठरले. भाऊ म्हणाला, “पन्नास लाख येतील.” बहीण म्हणाली, “दादा, ती सागवानी तुळई आप्पांनी खानापूरहून बैलगाडीतून आणली होती.” तुळईचे पाच लाख वाढले. विहीर आणि परसातला फणस मिळून आणखी पाच. शेजारच्या गल्लीतले घर साठाला गेल्याची वार्ताही होतीच. पुढे कळले की साठ मागितले होते. गेले कितीला, ते कुणी पाहिले नव्हते.

२०२३ च्या दसऱ्याला साठ लाख सांगायला सुरुवात केली. पहिल्या महिन्यात बरेच लोक येऊन गेले. साड्यांच्या एका व्यापाऱ्याने सरळ पन्नास सांगितले. मी ताडकन म्हणालो, “आप्पांच्या घराचा लिलाव मांडलेला नाही!” “बरं सर,” म्हणत त्याने चपला घातल्या.

त्यानंतर पावले कमी होत गेली. मराठी गिऱ्हाईक जाताना ‘कळवतो’ म्हणे, कानडी गिऱ्हाईक ‘नोडोण, सर’ म्हणे. दोन्ही भाषांत अर्थ एकच, हे सीमाभागातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

एजंट एकदा म्हणाला, “सर, माणसं घर बघून जातात आणि कुणी घासाघीससुद्धा करत नाही. म्हणजे दोष घराचा नाही, भावाचा आहे. भाव जवळपास असला की माणूस भांडतो.” मी म्हणालो, “आम्हाला घाई नाही. थांबायला काय पैसे पडतात?”

२०२४ च्या पावसाळ्यात किल्ली घेऊन गेलो. माजघरातल्या भिंतीला ओल आली होती, दोन वासे वाळवीने खाल्ले होते. बंद घर माणसापेक्षा लवकर म्हातारे होते. कट्ट्यावर बसून शाळेच्या डायरीच्या मागे हिशेब मांडला. पन्नास लाख बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले असते, तर वर्षाला सव्वातीन लाख आले असते. शिवाय घरपट्टी आणि कौले शाकारण्याचा खर्च. थांबण्यालाही भाडे पडते, आणि ते आम्ही तिघे भरत होतो.

तिघे सारखे भरत नव्हतो, हे त्याच संध्याकाळी कळले. भावाला फोन केला तेव्हा तो सहज बोलून गेला की ताईने मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढले आहे. वर्षभरात तिने एकदाही विचारले नव्हते, “दादा, झाले का काही?” मी आप्पांचा मान राखत होतो आणि व्याज आप्पांची लेक भरत होती.

मग ठरवले, भाव उतरवायचा तर एकदाच. लाख-लाखाने उतरवला की लोक पुढच्या लाखाची वाट बघत बसतात. उपनिबंधक कार्यालयातला सरकारी दर पाहून घेतला. तो बराच खाली होता. बावन्न ठरवून ताईला फोन केला. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तुळईचे सोडून दे दादा.”

पितृपक्ष संपताच गोकाककडचे एक कुटुंब आले. बाईंनी विहिरीत वाकून कानडीत विचारले, “एप्रिलमध्ये पाणी राहते का?” मग भाव अर्धा कानडीत, अर्धा मराठीत चालला, आणि ते अगदी मनापासून भांडले. दसऱ्याला पन्नासावर सौदा ठरला. व्यापाऱ्याने सांगितलेला तोच आकडा. मध्ये एक वर्ष आणि सव्वातीन लाख गेले.

ज्यांच्या गावाकडच्या घराला आज कुलूप आहे, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते: तीन महिन्यांत कुणी घासाघीस केली नाही, तर आपण घराची नव्हे, आठवणींची किंमत मागतो आहोत. आणि तिचे व्याज कोण भरते आहे, ते आधी विचारा.

परवा त्या गल्लीतून गेलो. दार उघडे होते. भिंतींना नवा रंग होता. तुळई मात्र तशीच ठेवली आहे; तेलपाणी केलेली दिसली. ताईला फोन करून तेवढे सांगितले.