बोटांचे पैसे

भोसरीतल्या आमच्या कामगार संघटनेत मी वीस वर्षं एक मागणी लावून धरली. ईएसआयनं, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेनं, जखमी कामगाराला महिन्याची तुटपुंजी पेन्शन देत बसू नये, एकरकमी पैसे हातात द्यावेत. निवेदनं मीच लिहिली, गेटवर उभं राहून सह्याही गोळा केल्या. आज मी त्या मागणीच्या बाजूनं नाही.

हिशेबानं माझं म्हणणं चूक नव्हतं. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात एकरकमी पैसे मिळत. ईएसआय लागू असलेल्या कामगाराला मात्र त्या कायद्याखाली दाद मागता येत नसे. एका हाताची दोन बोटं गेली की दोन्हीकडे कमाईची ताकद 20 टक्के गेली असं धरत. तीस वर्षांचा, 12,000 पगाराचा माणूस घ्या. 1923 च्या कायद्यानं पगाराचे 60 टक्के म्हणजे 7,200, त्याला त्या वयाचा गुणक 207.98, आणि त्याचे 20 टक्के : तीन लाखांना पाचएकशे कमी. ईएसआयमध्ये 400 रुपये रोजाचे 90 टक्के म्हणजे 360, त्याचे 20 टक्के 72. महिन्याला 2,160 रुपये. मी सभेत विचारायचो, तीन लाख बँकेत ठेवले तर पंधराशे-सतराशे व्याज येईल, वर मुद्दल शाबूत. मग कामगाराचे पैसे सांभाळायचा मक्ता सरकारकडे का? त्याला अक्कल नाही असं समजता का? टाळ्या पडायच्या.

2021 च्या पावसाळ्यात पंधरा दिवसांच्या अंतरानं दोन पोरं माझ्याकडे आली. दोघंही पॉवर प्रेसवरची, दोघांचीही उजव्या हाताची दोन बोटं गेलेली. एक बीडचा, सहा माणसांच्या शेडमधला. दहाच्या आत कामगार, म्हणून तिथं ईएसआय नव्हतं. दुसरा लातूरचा, जरा मोठ्या कारखान्यातला.

बीडच्या पोराचा दावा आम्ही लढवला. दोन वर्षांनी पैसे खात्यात आले, व्याजासकट. त्या दिवशी मी पेढे वाटले. आठ महिन्यांत खातं रिकामं झालं. त्यानं एक रुपया उडवला नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. बहिणीचं लग्न अडलं होतं. चुलत्याच्या बोअरला पाणी लागलं नव्हतं, आणखी खाली जायचं होतं. वडलांवर ऊसतोडीच्या मुकादमाची उचल होती, ती फेडल्याशिवाय घरातल्या बाईला गाडीसोबत जाण्यावाचून सुटका नव्हती. प्रत्येकाची नड खरी होती, आणि बोटांचे तीन लाख आल्याचं गावात सगळ्यांना ठाऊक होतं. नाही म्हणायचं तरी कुणाला?

लातूरच्या पोराच्या खोलीवर मी गेल्या वर्षी गेलो. जखम बरी होईपर्यंत त्याला रोजाच्या 90 टक्के पैसे मिळाले, मग मेडिकल बोर्डानं टक्के ठरवले आणि पेन्शन सुरू झाली. तो त्याच कारखान्यात पॅकिंगला आहे; पगार चालू असला तरी ही पेन्शन बंद होत नाही. त्यानं उरलेल्या दोन बोटांत आणि अंगठ्यात पासबुक धरून माझ्यापुढे केलं. पानांमागून पानं तीच नोंद, दर महिन्याला. त्यातून पोरीच्या बालवाडीची फी, दूधवाला, गॅस. मी विचारलं, गावाकडून कुणी मागत नाही? त्याची बायको चुलीपासून न वळताच म्हणाली, "दोन हजार कोण मागतंय दादा? मागण्याजोगे असते तर कधीच गेले असते."

तिथून बसस्टॉपपर्यंत चालताना मला माझी सगळी भाषणं आठवली. अक्कल असण्या-नसण्याचा प्रश्नच नव्हता. मी कामगाराला एकटा माणूस धरून हिशेब मांडत होतो आणि त्याच्यामागे उभं असलेलं घरदार, भावकी, कर्ज माझ्या कागदावर कुठंच नव्हतं. शिवाय महागाई पाहून ईएसआय महामंडळ अधूनमधून या पेन्शनचे दर वाढवतं, हे मला माहीत होतं आणि मी ते सभेत कधी सांगितलं नाही. ही लबाडी होती. ती मी कबूल करतो.

माझा राग संपलेला नाही, त्याची जागा बदलली आहे. दोन बोटांना 20 टक्के हा आकडा प्रेस चालवणाऱ्याला आणि हिशेबनिसाला सारखाच लागतो, हे मला आजही मान्य नाही. अपघाताचा अहवाल मालकानं उशिरा पाठवला की कामगाराचे पहिले कित्येक आठवडे उधारीवर जातात, तेही नाही. पुढच्या निवेदनात हे दोन मुद्दे असतील. एकरकमीचा मुद्दा मी खोडला आहे. जुने सहकारी नाराज आहेत, दोघांनी बोलणं सोडलं.

बीडचा पोरगा आता एका सिक्युरिटी एजन्सीत रात्रपाळीला असतो. गेल्या महिन्यात तो पगाराची पावती घेऊन ऑफिसात आला. ईएसआयची 0.75 टक्के कपात त्यानं बोटानं दाखवली आणि विचारलं, "साहेब, आता मलाबी लागू झालं ना? मग त्या पेन्शनीचा फॉर्म भरू या." ईएसआय नसलेल्या शेडमध्ये गेलेली बोटं या कपातीत धरत नाहीत, हे त्याला समजावून सांगायला मला बराच वेळ लागला. त्यानं पावतीची घडी घातली आणि खिशात ठेवली.