ऑइलचा माग

लासलगावच्या बाजार समितीच्या आवारात लिलावाची रांग पुढे सरकली की मागे जमिनीवर काळे डाग उरतात. ट्रॅक्टरचे, पिकअपचे, कुणाच्या तरी जुन्या जीपचे. बाजार समिती १९४७ सालची. तेव्हा इथे बैलगाड्या यायच्या आणि वंगण लागायचं ते फक्त आसाला. आता उन्हाळ कांदा येतो तो बहुतेक डिझेलवर. मी ते डाग बघत जातो. डाग गाडीच्या पुढच्या चाकांमध्ये आहे की पार मागे, गोल थेंब आहेत की ओघळ, यावरून निम्मं कळतं.

*

थेंब कशाचा, हे आधी ठरवायचं. पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा रात्रभर गाडीखाली ठेवावा. डिझेल इंजिनाचं ऑइल काळंच असतं, बदलल्यावर काही दिवसांतच काळं पडतं. गिअर ऑइलला उग्र, गंधकाचा वास येतो. पॉवर स्टिअरिंगचं ऑइल बहुतेक गाड्यांत लालसर असतं. कूलंट बहुधा हिरवं किंवा गुलाबी, बोटांना चिकट लागतं, वास गोडसर येतो, पण ते तोंडात घालून बघू नये, विषारी असतं. एसीचं पाणी म्हणजे नुसतं पाणी. त्या थेंबांना घाबरून गॅरेज गाठणारी माणसं मी पाहिली आहेत.

*

चुलतभावाच्या पिकअपला ऑइल लागायला लागलं. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात, त्या क्लच हाउसिंगच्या खालून थेंब पडायचा. एका ठिकाणी सांगितलं, मागचं क्रँक सील गेलं, गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल. दुसऱ्या ठिकाणी बॉनेट उघडताच निदान झालं, टर्बो गेला. दोन्ही हजारोंची कामं, आणि तीही कांदा चाळीतून निघायच्या दिवसांत.

“दादा, यातलं खरं कोणतं?” त्याने विचारलं.

दोघांनीही इंजिन धुतलं नव्हतं. काळ्या चिखलाने माखलेल्या इंजिनाकडे बघून कुणीच खरं सांगू शकत नाही. तिथे जे सांगतात तो अंदाज असतो, आणि त्या अंदाजाचे पैसे शेतकरी मोजतो. मला याचा राग येतो.

*

धुणं हेच निदानातलं सगळ्यात मोठं काम आहे. इंजिन थंड असावं. अल्टरनेटर, एअर फिल्टरचं तोंड आणि वायरींचे कपलर प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बांधून घ्यावेत. मग डिझेल आणि ब्रश. कोपऱ्यातला जुना थर खरवडून काढायचा, शेवटी हलक्या धारेने पाणी. वॉशिंग सेंटरची जोरदार धार सेन्सरच्या कपलरमध्ये पाणी घुसवते, आणि गळती शोधता शोधता नवीन दुखणं मागे लागतं. पूर्ण वाळू द्यावं. डिझेलचा ओलावा राहिला तर तोच गळतीसारखा दिसतो, शिवाय गरम सायलेन्सरजवळ तो धोकाही आहे.

*

ऑइल खाली वाहतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकललं जातं. म्हणून जिथून थेंब पडतो ती जागा बहुधा उगमाची नसते. ओल जिथे सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे दिसते, तिथून शोध सुरू करायचा. टॅपेट कव्हरचं पॅकिंग मागच्या कोपऱ्यात फुटलं तर ऑइल इंजिनाच्या पाठीवरून उतरून थेट क्लच हाउसिंगवर येतं आणि हुबेहूब क्रँक सीलसारखं दिसतं. या एका फसवणुकीपायी किती गिअरबॉक्स उगाच खाली आले असतील!

वरून खाली यायचं: टॅपेट कव्हर, ऑइल भरायचं झाकण, व्हॅक्यूम पंप, टर्बोचे दोन पाइप, ऑइल फिल्टरचा सांधा, ऑइल प्रेशरचा स्विच, पुढचं क्रँक सील, आणि तळाचं ऑइलचं भांडं, म्हणजे चेंबर. चेंबर सगळ्यात शेवटी, कारण वरचं सगळं ऑइल तिथेच येऊन लोंबकळतं.

*

इथल्या गाड्यांवर एक खूण मिळते, ती शहरातल्या गॅरेजमध्ये मिळणार नाही. कांद्याची सुटी सालपटं बॉनेटखाली शिरतात. कोरड्या जागेवरून ती उडून जातात, ताज्या ओलीवर चिकटतात. धुतलेलं इंजिन एक बाजार करून आलं की सालपटं कुठे बसली आहेत ते बघावं. जुन्या थरावर हे कळत नाही, धुतल्यावरच कळतं.

*

टर्बोकडे येतो, कारण सगळ्यात जास्त दोष त्याच्यावरच लादला जातो.

स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं: बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर दांड्याच्या टोकाचं एक चक्र फिरवायचं, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या चक्राने हवा दाबून इंजिनात भरायची. लहान डिझेलमध्ये हा दांडा जोरात असताना मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. एका टोकाला सातशे अंशांच्या घरातला धूर, दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा. मधला दांडा बेअरिंगला न टेकता ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. ऑइल तिथे वंगण करतं आणि उष्णताही वाहून नेतं.

दांड्याच्या दोन्ही टोकांना रबरी सील नसतं. रबर त्या उष्णतेत टिकणारच नाही. तिथे पिस्टनच्या रिंगांसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात. त्या ऑइल अडवतात ते एकट्याच्या बळावर नव्हे. चक्रांच्या बाजूला हवेचा आणि धुराचा दाब जास्त, मधल्या भागात कमी, म्हणून ऑइल आत राहतं. हा दाबाचा हिशेब उलटला की धडधाकट टर्बोसुद्धा ऑइल सोडतो. हे ज्याला समजलं तो टर्बो बदलायच्या आधी आणखी तीन ठिकाणी बघेल.

*

पहिलं ठिकाण, परतीचा पाइप. टर्बोत ऑइल पंपाच्या दाबाने येतं, पण परत चेंबरकडे जातं ते निव्वळ उताराने, न्हाणीच्या मोरीतल्या पाण्यासारखं. हा पाइप दबला, आत कार्बन साचला, की ऑइल टर्बोतच तुंबतं आणि रिंगांमधून वाट काढतं. या सांध्याला हात सैल सोडून सिलिकॉन लावतात, हे मला मुळीच पसंत नाही. बोल्ट आवळले की जादा सिलिकॉन आत फुगतं, तुटून पाइपात अडकतं. तिथे कंपनीचं पॅकिंगच घालावं.

दुसरं ठिकाण, ब्रीदर. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा धूर खाली निसटतोच. ब्रीदर तुंबला किंवा रिंगा झिजल्या की चेंबरमध्ये दाब वाढतो. गॅरेजच्या भाषेत, इंजिन बॅक कंप्रेशन मारतं. मग टर्बोचं ऑइल खाली उतरत नाही आणि सगळी सीलं एकदम ओली दिसतात. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल करून बघावं. हलका धूर चालतो, पण झाकण उडवणारा दाब आला तर दुखणं टर्बोच्या खाली आहे. एकाच वेळी तीन-चार ठिकाणी ओल दिसली की मी आधी ब्रीदर उघडतो.

*

तिसरं ठिकाण, एअर फिल्टर. लासलगाव, विंचूर, निफाड या पट्ट्यात याच्यावर वेगळं लिहायला हवं. चाळीवर गाडी भरताना उडणारी माती, आवारातली धूळ, कांद्याचा भुसा, सगळं फिल्टरच्या डब्यात जमतं. फिल्टर तुंबला तरी टर्बो हवा ओढतच राहतो, आणि त्या ओढीने त्याच्या हवेच्या बाजूला पोकळी तयार होते. ती रिंगेपलीकडचं ऑइल खेचून घेते. मग इंटरकूलरच्या पाइपात ऑइल सापडतं आणि टर्बो गेला असं जाहीर होतं.

पाइपात ऑइलचा पुसट हात असणं नेहमीचंच आहे, ब्रीदरची वाफ तिथूनच जाते. पाइप उलटा केल्यावर ऑइल सांडलं तर मात्र चौकशी करावी.

आणि फिल्टर हवा मारून साफ करताना हवा आतून बाहेर, हलक्या दाबाने. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर बाहेरून सरळ लावला की माती कागदात रुतते, कागद फाटतो. फाटक्या फिल्टरमधून गेलेली माती टर्बोची पाती आणि इंजिनाच्या रिंगा दोन्ही खाते. शंका आली तर नवा घालावा. फिल्टर स्वस्त आहे.

*

टर्बो खरंच गेला का, हे इंजिन थंड आणि बंद असताना पाहता येतं. हवेचा पाइप काढून चक्र बोटाने फिरवावं. बाजूला किंचित हलणं ठीक, कारण आत आता ऑइलचा थर नाही. पुढे-मागे जाणवण्याइतकं हलत असेल, किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा असतील, तर टर्बो गेलाच.

*

एक टीप केवळ जिवाच्या काळजीने. टर्बो खरंच फुटून हवेच्या बाजूला ऑइल ओतू लागला, तर डिझेल इंजिन ते ऑइलच इंधन म्हणून जाळतं आणि पळत सुटतं. चावी काढली तरी थांबत नाही. अशा वेळी ब्रेक पूर्ण दाबून वरचा गिअर टाकावा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडावं. हवेच्या तोंडावर हात ठेवू नये. फळी दाबावी, आणि जवळ जाणं सुरक्षित वाटत नसेल तर लांब व्हावं.

*

चुलतभावाची पिकअप. धुतली, वाळवली, संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर शिंपडली. इंजिन स्लोवर ठेवलं, पावडर कोरडी. आमचे मिस्त्री वयस्क आहेत, बोलतात कमी. म्हणाले, “भाऊ, रेस धरा. स्लोवर प्रेशर कुठे असतंय?” रेस धरली, आणि टर्बोला ऑइल आणणाऱ्या पाइपाच्या बँजो बोल्टखाली पावडरवर काळी रेघ उमटली. तिथून ऑइल ब्लॉकच्या कडेने मागे, आणि तसंच क्लच हाउसिंगवर. क्रँक सील कोरडं, टर्बोचा दांडा घट्ट.

आधी कधीतरी हा पाइप खोलला होता आणि जुने, दबलेले तांब्याचे वायसर तसेच परत घातले होते. वायसर काही रुपयांचे असतात. मिळाले नाहीत तर जुने लाल तापवून गार करायचे, तांबं पुन्हा मऊ होतं; पण नवे मिळत असताना हा उद्योग कशाला? ही गळती लहान असली तरी शेजारीच धगधगता टर्बो असतो. दाबाने उडालेलं ऑइल त्याच्यावर पडलं तर गाडी पेटू शकते.

जोडताना मिस्त्रींनी टर्बोच्या तोंडात ऑइलचे थेंब सोडले, आणि इंजिन सुरू होऊ न देता थोडा सेल्फ मारला. दांड्याचे पहिले फेरेही कोरडे जायला नकोत.

*

इगतपुरीत महिंद्राचा इंजिनांचा कारखाना आहे. सातपूरच्या बॉशमध्ये, म्हणजे जुन्या माणसांच्या मायकोत, डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर बनतात. एवढं कसब असलेल्या जिल्ह्यात गावोगावच्या पोरांना टर्बोचं ऑइल कसं जातं-येतं हे कापलेल्या टर्बोवर दाखवायला काय हरकत आहे? भंगारात कापायला टर्बो पुष्कळ मिळतील.

*

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा डिझेल गाड्यांत मोजपट्टीवर ऑइल वाढलेलंही दिसू शकतं. धुराची जाळी जाळून साफ होताना जादा डिझेल सोडलं जातं, त्यातलं काही चेंबरमध्ये उतरतं. वाढलं म्हणून खूश होऊ नये, ऑइल बदलावं.

*

पिकअप विंचूरच्या उपबाजारात जाऊन आली. पट्टीवर ऑइल होतं तिथेच आहे. अल्टरनेटरमागच्या, ब्रेकसाठीच्या व्हॅक्यूम पंपाच्या सांध्याला मात्र एक सालपट चिकटलंय. ब्रेक चांगले लागतात, थेंब पडत नाही. खडूने खूण करून ठेवली आहे. चाळ रिकामी झाली की ते पॅकिंग घ्यायचं.