नातीचा पहिला मुक्काम

हिवाळा लागला की आमच्या पाटण तालुक्यातील शाळांमध्ये सहलींची बोलणी सुरू होतात. पूर्वी सहल म्हणजे एस.टी.ची गाडी, चाफळचे राममंदिर, कोयनानगरचे धरण आणि दिवस मावळण्यापूर्वी मूल घरी, असा ठरलेला क्रम असे. आता काही शाळा थोड्या मोठ्या मुलांना पाठीवर सॅक देऊन डोंगरात एका रात्रीच्या मुक्कामाला नेतात. मुलांना त्याचा आनंद असतो आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या पोटात गोळा येतो. आई-वडील नोकरीत किंवा शेतात गुंतलेले असल्यामुळे या मुक्कामाची तयारी बहुधा आजी-आजोबांकडेच येते. ती माझ्याकडेही आली. त्या अनुभवातून जे उमगले, ते येथे लिहीत आहे.

माझी नात सहावीत आहे. तिला लहानपणापासून दम्याचा त्रास आहे. शाळेने ठरवलेला बेत साधा होता. पाटणहून पायी चढून दातेगड पाहायचा, जवळच्या वाडीतील शाळेच्या खोल्यांत रात्री राहायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरून घरी यायचे. सुंदरगड या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या या गडावर कातळात कोरलेले गणपती आणि मारुती आहेत. तलवारीच्या आकाराची, खोल पायऱ्यांची विहीरही आहे. तिने हे सारे पाहावे असे मलाही वाटत होते. प्रश्न होता तो रात्रीचा. थंड हवा, धूळ आणि शेकोटीचा धूर या तिन्हींनी तिचा श्वास अडखळतो. पाठवू नये, असे घरात दोघांचे मत होते. शेवटी तिच्या डॉक्टरांना विचारले. त्यांनी तपासले आणि म्हणाले, "दमा ताब्यात आहे, जाऊ द्या. पण पंप कधी घ्यायचा, हे तिला स्वतःला कळले पाहिजे."

त्या एका वाक्याने आमच्या तयारीची दिशा ठरली. तोवर पंप घरातील मोठ्यांच्या हातात असे. ती खोकली की कोणीतरी धावत जाऊन तो आणी. पुढच्या सहा आठवड्यांत ही सारी कृती आम्ही एकेक पायरीने तिच्या हाती सोपवली. पंप हलवायचा, स्पेसरला जोडायचा, श्वास पूर्ण सोडायचा, एकदा दाबून औषध सावकाश आत ओढायचे आणि मनात दहा अंक मोजेपर्यंत श्वास रोखायचा. पहिल्या आठवड्यात मी सांगत असे आणि ती करीत असे. नंतर ती करी आणि मी केवळ पाहत असे. शेवटी ती स्वतःच येऊन सांगू लागली, "आज्जी, चढताना छातीत दाटल्यासारखं झालं, मी थांबले." दम्याच्या मुलाला छातीतील पहिला बदल ओळखता येणे फार मोलाचे असते. एक पंप तिच्या सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात राहील आणि दुसरा शिक्षकांकडे, असे ठरले. डॉक्टरांनी मराठीत लिहून दिलेल्या सूचनांचा कागद आणि घरचे दोन फोन क्रमांकही शिक्षकांना दिले. 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, हे मुलांना तोंडपाठ असावे. मात्र डोंगरात प्रत्येक ठिकाणी फोनला रेंज मिळेलच असे नसते, म्हणून आपल्याला काय होते आहे ते जवळच्या मोठ्या माणसाला ताबडतोब सांगण्याची सवय अधिक उपयोगाची.

चालण्याचा सरावही याच काळात झाला. आमचे गाव कोयना आणि केरा या नद्यांच्या संगमावर आहे. संध्याकाळी आम्ही दोघी नदीच्या बाजूला फेरी मारीत असू. माझे गुडघे साथ देतील तेवढे मी चालत असे, पुढचा चढ ती वडिलांबरोबर करी. सहलीसाठी नवे बूट आणण्याचा मोह अनेक घरांत होतो. आणायचेच असतील तर निदान पंधरा दिवस आधी आणावेत आणि रोज घालून मऊ करून घ्यावेत. नवा बूट पहिल्याच चढावर टाच सोलतो. पायाला कोठे चुरचुरू लागले की फोड येण्याची वाट न पाहता थांबून तेथे चिकटपट्टी लावायची, हे मुलाला आधीच सांगून ठेवावे. मुले मागे पडण्याच्या लाजेने गप्प राहतात. कोरड्या मोज्यांचा एक जादा जोड हवाच.

मग आली सॅक भरण्याची वेळ. शाळेच्या दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असे केंद्र शासनाच्या 2020 च्या दप्तरविषयक धोरणात म्हटले आहे. चढावर चालताना हाच हिशेब डोळ्यांसमोर ठेवणे बरे. नातीचे वजन 32 किलो, म्हणजे ओझे सव्वातीन किलोच्या आसपास असावे. घरातील सर्वांनी आपापल्या परीने वस्तू आणून दिल्या होत्या. आजोबांची मोठी विजेरी, आईने दिलेले दोन स्वेटर आणि शाल, आत्याने पाठवलेला लाडवांचा डबा. सारे भरून वजन केले, तर काटा साडेपाच किलोंवर थांबला. त्या ओझ्यातील बरेचसे आमच्या काळजीचे होते. मी तिला एवढेच म्हटले, "तुला जे उचलायचे आहे तेच ठेव." तिने सगळे जमिनीवर मांडले आणि स्वतः निवडले. एक लिटर पाण्याची बाटली म्हणजेच एक किलो वजन, पण ती कमी करायची नाही, हे तिला सांगितले. शाल गेली, स्वेटर एक राहिला, कानटोपी राहिली. लाडू डब्यातून कागदी पुड्यात आले आणि डबा घरी राहिला. मोठ्या विजेरीच्या जागी लहान आली. आजोबा क्षणभर हिरमुसले, मग त्यांनीच त्या लहान विजेरीत नवे सेल घातले. झोपताना घालायचे कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळे बांधले.

खाण्यासाठी दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ-शेंगदाणे पुरेसे होतात. दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. जुलाब-उलट्यांसाठी ओआरएसची पुडी जवळ असावी. ती नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण मुलांना शिकवावे. चमचा चहाचा असावा. सहावी-सातवीच्या मुलींना घरातील बाईने मासिक पाळीविषयी आधीच नीट सांगावे आणि पॅड सॅकमध्ये ठेवावेत. पहिली पाळी मुक्कामातही येऊ शकते. ज्या मुलांना रात्री अंथरूण ओले होण्याचा त्रास असतो, त्यांच्याविषयी शिक्षकांना एकांतात सांगून ठेवावे. मुलासमोर त्याची चर्चा करू नये.

राहिला अंधार. सहलीच्या आधीच्या आठवड्यात नात एक रात्र पडवीत, स्वतःच्या अंथरुणावर झोपली. उठायचे झाले तर आधी विजेरी लावायची, बूट झटकून घालायचे आणि मगच पाऊल टाकायचे, याचा तिने दोनदा सराव केला. आपल्या डोंगरी भागात फुरसे, घोणस, मण्यार आणि नाग हे चारही विषारी साप आढळतात. मण्यार रात्री वावरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला दंश झाल्याच्या घटना घडतात. म्हणून अंथरूण भिंतीपासून दूर घालावे आणि त्याच्या कडा खाली दुमडाव्यात. साप चावल्यास चिरा देणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नये. धीर द्यावा, हालचाल थांबवावी आणि तत्काळ रुग्णालय गाठावे.

अंधाराविषयी माझ्याजवळ आणखी एक गोष्ट होती, ती मी तिला त्या रात्री सांगितली. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा मी तिसरीत होते. घरात पाऊल ठेवण्याची कोणाची छाती होईना. पुढच्या कित्येक रात्री आम्ही थंडीत उघड्यावर काढल्या. माझ्या आजीने आम्हा भावंडांना एकेक काम वाटून दिले होते. एकाने पाण्याची घागर सांभाळायची, एकाने धाकट्यांची मोजणी करायची, मी कंदिलावर लक्ष ठेवायचे. जमीन हलली की मी आधी कंदील पाहत असे आणि मग रडत असे. पुढे पुढे केवळ कंदीलच पाहू लागले. हाताला काम असले की भीतीला बसायला जागा कमी उरते, हे मी तेव्हा शिकले. नातीने शिक्षकांना विचारून आपल्या गटातील मुलींची मोजणी करण्याचे काम मागून घेतले.

मुक्कामाच्या रात्री मला झोप लागली नाही, हे खरे. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ती धुळीने माखलेली परतली. रात्री शेकोटीचा धूर तिच्या बाजूला वळला तेव्हा छातीत घरघर सुरू झाली होती. ती उठून वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली, बाईंना सांगितले, पंप घेतला. काही वेळाने बरे वाटले. नंतर तिने मुलींची मोजणी केली आणि झोपली. हे तिने विहिरीच्या पायऱ्यांचे वर्णन करून झाल्यावर, जाता जाता सांगितले.

वाचकहो, हा लेख मुलांविषयी असला, तरी या पाक्षिकाच्या ज्येष्ठ वाचकांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. मला मधुमेह आणि रक्तदाब आहे. माझ्या आठवड्याच्या गोळ्यांची डबी मुलगा दर रविवारी भरून ठेवीत असे. त्यामागे माया होती, परंतु कोणती गोळी कशासाठी, हे मी हळूहळू विसरू लागले होते. सहलीनंतरच्या रविवारी मी ती डबी मागून घेतली. आता मी चष्मा लावून गोळ्या भरते, नावे मोठ्याने वाचते आणि मुलगा शेजारी बसून शेवटी एकदा तपासून पाहतो. ज्यांना हे जमण्यासारखे नाही, त्यांच्यासाठी दुसऱ्याचा हात असलाच पाहिजे. पण ज्यांना जमते, त्यांचे काम त्यांच्याकडे राहू द्यावे, आणि आपण लहानासाठी असो वा वृद्धासाठी, काही वेळ शेजारी बसावे. येत्या सुट्टीत नात दोन रात्रींच्या मुक्कामाला जाणार आहे. या वेळी सॅकची यादी तिने स्वतः लिहिली आहे आणि तपासण्यासाठी माझ्याकडे दिली आहे.