कुत्रा पाळू की मांजर?

गेल्या दोन महिन्यांत चार जणांनी मला हाच प्रश्न विचारला. एक नवीन लग्न झालेलं जोडपं, दोघंही अंबडला कंपनीत. एक निवृत्त काका, मुलगा-सून पुण्याला. एक आई, जिचा सहावीतला मुलगा रोज जेवताना हट्ट धरून बसतो. आणि एक भाऊसाहेब, ज्यांना मळ्यातल्या नव्या बंगल्याच्या राखणीला "काहीतरी" हवंय. आमच्या घरी दोन्ही आहेत, खंड्या नावाचा गावठी कुत्रा आणि चिमी नावाची मांजर. त्यामुळे उत्तर माझ्याकडे तयार असणार असं लोकांना वाटतं. प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहिते. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक गंमत. आमच्या आजोळी, सिन्नरकडे, हा प्रश्न कुणाला पडायचाच नाही. दोघांची कामं ठरलेली होती. मांजर कणगीतल्या उंदरांसाठी, कुत्रं खळ्यावरच्या राखणीसाठी. मांजर चुलीपाशी वेटोळं करून झोपायची, तिला कुणी काही म्हणायचं नाही. कुत्र्याने उंबरा ओलांडला की आजीचं "हाऽड" ठरलेलं. पण घरात पहिली भाकरी उतरली की त्यातला तुकडा त्याच्यासाठी बाजूला निघायचा. "पाळलंय" असा शब्द कुणी वापरत नव्हतं. ते तिथे असायचे, आपण तिथे असायचो.

ही वाटणी फार जुनी आहे. कुत्रा माणसाजवळ आला तेव्हा शेती सुरूही झाली नव्हती. जर्मनीत बॉनजवळ सुमारे 14,000 वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलंय, त्यात माणसांबरोबर कुत्राही पुरलेला आहे. मांजर आली ती शेतीनंतर. धान्य साठलं, धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे मांजर आली. सायप्रस बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वीच्या एका कबरीशेजारी मांजराचं दफन सापडलंय. म्हणजे कुत्रा आपल्या टोळीत सामील झाला, मांजर आपल्या कोठारात राहायला आली. आजही स्वभाव तेच सांगतो. खंड्याला माझ्या स्कूटरचा आवाज कोपऱ्यावरून ओळखू येतो. चिमीला मासळीवाल्या मावशींचा वार पाठ आहे.

आता फ्लॅटमध्ये ना कणगी, ना खळं. दोघांचंही काम गेलं, दोघं फक्त सोबतीला उरले. म्हणून हा प्रश्न आवडीचा वाटायला लागला. "मी डॉग पर्सन, ती कॅट पर्सन" वगैरे. माझ्या मते आवड सगळ्यात शेवटी विचारात घ्यावी. आधी हे बघा.

पहिलं, वेळ. कुत्र्याला दिवसातून किमान दोनदा बाहेर न्यावंच लागतं. आषाढात, डिसेंबरच्या कडाक्यात, घरी पाहुणे असताना, तुम्हाला ताप असताना. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाके थांबेपर्यंत त्याच्याजवळ बसावं लागतं. दहा तास एकटं ठेवलं तर तो भुंकेल, रडेल, सोफा फाडेल. तो वाईट असतो असं नाही, तो टोळीतला प्राणी आहे आणि त्याची टोळी त्याला सोडून ऑफिसला गेलेली असते. मांजर दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ झोपते, शी-शू मातीच्या किंवा वाळूच्या ट्रेमध्ये करते. पण तो ट्रे रोज साफ करायचा असतो, आठवड्यातून एकदा नव्हे.

दुसरं, ताट. इथे बऱ्याच घरांत गाडी अडते. 2013 साली झालेल्या एका संशोधनात दिसलं की पिष्टमय अन्न पचवायची क्षमता कुत्र्यांमध्ये लांडग्यांपेक्षा खूप वाढलेली आहे. आपल्या भाकरीने त्याला बदलवलं म्हणा ना. तरी नुसत्या भाकरीवर त्याचं भागत नाही, प्रथिनं लागतातच. मांजराचं तसं नाही. ती पक्की मांसाहारी. टॉरिन नावाचा घटक तिला अन्नातूनच मिळावा लागतो, तो मांस-मासळीत असतो. तो कमी पडला तर तिची दृष्टी जाऊ शकते, हृदय कमकुवत होतं. त्यामुळे "आमच्याकडे दूध-पोळीवरच वाढलीय हो" असं कौतुकाने सांगू नका. आणि दूध? मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना ते पचतच नाही, जुलाब होतात. घरात मांस-मासळी चालत नसेल, तयार कॅट फूडही आणायचं नसेल, तर मांजर आणू नका. सरळ आहे.

तिसरं, आजार. यात लपवाछपवी नको. जागतिक आरोग्य संघटनेनुसार माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे 99 टक्के प्रसार कुत्र्यांमार्फत होतो. पण याचा अर्थ मांजर सुरक्षित असा नाही. रेबीज झालेल्या मांजराच्या चाव्यातून, ओरखड्यातूनही तो होऊ शकतो. दोघांनाही लस हवी, वेळच्या वेळी. चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवायची, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. लक्षणं दिसायला लागल्यावर या आजारातून जवळजवळ कुणीच वाचत नाही. इंजेक्शनचा कोर्स अर्धवट सोडायचा नाही.

मांजराच्या बाबतीत दुसरी भीती असते. घरात सून गरोदर राहिली की पहिली गदा मांजरावर. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पसरू शकतो हे खरं आहे. पण तो विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस जातो. म्हणून ट्रे रोज साफ करायचा, आणि तो घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायचा. नवऱ्याला हे काम अगदी छान जमतं. मांजर घराबाहेर काढायची गरज नाही. हाच परजीवी कच्च्या मांसातून, न धुतलेल्या भाजीतूनही येतो, ते कुणी बोलत नाही.

आणि जाता जाता: मांजराला पॅरासिटॅमॉल कधीही देऊ नका, एखादी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. कुत्र्याच्या गोचिडांवर मानेला लावतात त्या औषधांपैकी परमेथ्रिनवाली औषधं मांजराला विषारी असतात. दोन्ही प्राणी घरात असतील तर हे फ्रिजवर लिहून चिकटवा.

चौथं, शेजारी. माझ्या दृष्टीने खरा फरक इथे आहे. कुत्रा हा सार्वजनिक प्राणी आहे आणि मांजर खाजगी. कुत्रा लिफ्टमध्ये दिसतो, जिन्यात भेटतो, रात्री दोनला भुंकतो, रस्त्यावर घाण करतो. म्हणून त्याच्यावरून भांडणं होतात. आमच्या सोसायटीच्या सभेत "यापुढे कुत्रा पाळण्यास बंदी" असा ठराव आला होता. मी उभी राहिले आणि सांगितलं की भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला बहुमतानेसुद्धा अशी बंदी घालता येत नाही. टाळ्या वाजवणारे माझ्यासारखेच कुत्रेवाले होते. मग त्यांच्याकडे वळून म्हटलं, पण परवाना किती जणांनी काढलाय? फिरवायला जाताना पिशवी किती जण नेतात? तिसऱ्या मजल्यावरच्या आजी कुत्र्याला घाबरतात हे माहीत असून त्या लिफ्टमध्ये असताना आत घुसणारे कोण? तेव्हा टाळ्या थांबल्या. ठराव बारगळला, आणि पुढच्या आठवड्यात गेटजवळ घाणीसाठी वेगळी कचरापेटी आली. माझ्या मते ती सभा सत्कारणी लागली.

मांजरावर मात्र कधी ठराव येत नाही, कारण ती दिसत नाही. पण पार्किंगमध्ये दर काही महिन्यांनी पिल्लं कुठून येतात? मांजर पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, आणि वर्षातून दोन-तीनदा विते. "बाहेर फिरून येते हो आमची, काही त्रास नाही" म्हणणाऱ्या घराची मांजर बाहेर चिमण्या-बुलबुल मारत असते आणि पिल्लांचा हिशेब दुसऱ्याच्या जिन्याखाली मांडत असते. कुत्र्याचा त्रास लगेच ऐकू येतो, मांजराचा उशिरा कळतो. एवढाच फरक.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते.

आमच्या कॉलनीच्या टोकाला एक कुटुंब भाड्याने राहत होतं. बदली झाली, ट्रक भरला, गेले. त्यांचा लॅब्राडोर मागे राहिला. नऊ दिवस तो त्या कुलूपबंद फाटकासमोर बसून होता. बिस्किटं टाकली तर खायचा आणि परत फाटकाकडे तोंड करून बसायचा. शेवटी दोन कॉलेजच्या पोरांनी त्याला नेलं म्हणून निभावलं, नाहीतर त्याचे हाल कुत्र्याने खाल्ले नसते म्हणायची वेळ होती. त्याच पावसाळ्यात भाजीबाजाराजवळ खोक्यात पाच पिल्लं सापडली, डोळेही न उघडलेली. एक जगलं. तीच आमची चिमी.

असं सोडून देणं हा गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती लिहिलाय माहितीये? 10 ते 50 रुपये. आज त्यात धड दोन वडापावही येत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2025 च्या आदेशांनंतर भटक्या कुत्र्यांवर घरोघरी वाद झाले. 11 ऑगस्टला दिल्ली परिसरातले कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवा असा आदेश आला, 22 ऑगस्टला तो बदलून नसबंदी-लसीकरण करून, पिसाळलेले आणि आक्रमक सोडून बाकीचे, त्याच भागात परत सोडा असं सांगितलं गेलं. दोन्ही बाजूंनी व्हॉट्सॲपवर शिव्याशाप झाले. मुंबईला हे नवं नाही म्हणा; 1832 मध्ये भटकी कुत्री मारण्यावरून तिथे दंगल झाली होती, पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. पण या सगळ्या वादात एक गोष्ट सुटते. रस्त्यावरचा प्रत्येक प्राणी रस्त्यावरच जन्मलेला नसतो. काही आपल्याच घरातून गेलेले असतात, काही त्यांची पिल्लं असतात. ज्याला चावा बसतो तो मात्र बहुतेक वेळा सायकलवर क्लासला जाणारा पोरगा नाहीतर पहाटे कामाला निघालेली सफाईवाली ताई असते.

तर आता चौघांची उत्तरं.

अंबडच्या जोडप्याला: कुत्रा नको, दिवसभर तो बंद दाराशी बसेल. मांजर घ्या, जमलं तर एकाच आईची दोन, म्हणजे एकमेकांना सोबत. नसबंदी करा, आणि आधी खिडक्या-गॅलरीला जाळी लावा. मांजर उंचावरून पडून काही होत नाही, हा भ्रम आहे.

काकांना: पिल्लू नको. पिल्लू म्हणजे गुडघेदुखी असताना लहान मूल सांभाळणं. चार-पाच वर्षांचा, शांत स्वभावाचा गावठी कुत्रा दत्तक घ्या. सकाळी फिरणं होईल, चार माणसं बोलतील. ओढ घेणारा मोठा कुत्रा मात्र टाळा, पडाल.

सहावीतल्या मुलाच्या आईला: हट्ट त्याचा असला तरी प्राणी तुमचाच होणार, हे धरून चाला. एक परीक्षा घ्या. महिनाभर मुलाने रोज सकाळी सहाला उठून अर्धा तास चालून यायचं, कुत्र्याशिवाय. टिकला तर पुढचं बोलू. आणि जाहिरातीत बघून पग किंवा इन्स्टाग्रामवर बघून हस्की आणू नका. चपट्या नाकाच्या कुत्र्याला उन्हाळ्यात श्वास घेणं जड जातं, आणि हस्की बर्फातला प्राणी आहे.

भाऊसाहेबांना: राखणीसाठी दिवा लावा, कॅमेरा लावा, कुंपण नीट करा. चोवीस तास साखळीला बांधलेला कुत्रा राखण करत नाही, तो फक्त वेडापिसा होतो. शिवाय तुमच्या बंगल्यामागे ऊस आहे. रात्री अंगणात बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला वाढून ठेवलेलं ताट, आणि ते ताट तुमच्या दारात आहे. कुत्रा ठेवायचाच असेल तर रात्री तो घरात किंवा पक्क्या बंद खोलीत झोपला पाहिजे.

आणि सगळ्यांना अजून एक पर्याय: काहीच पाळू नका. गल्लीतल्या एका कुत्र्याची किंवा पार्किंगमधल्या एका मांजरीची नसबंदी आणि लस यांची जबाबदारी घ्या. नसबंदी केंद्र चालवणं हे 2023 च्या नियमांप्रमाणे महापालिकेचं काम आहे, उपकार नाही. मत मागायला दारात येणाऱ्या प्रत्येकाला विचारा: आपल्या प्रभागात गेल्या वर्षी किती नसबंदी झाल्या? आकडा सांगता आला नाही तर समजून जा.

तरीही पाळायचंच ठरलं असेल तर एक करा. घरात आणण्याआधी एका कागदावर एक नाव लिहा: आपली बदली झाली, आजारपण आलं, आपण राहिलो नाही, तर याला कोण सांभाळेल? कुत्रा दहा-बारा वर्षं जगतो, मांजर पंधरासुद्धा. नाव लिहून झालं की त्या माणसाला फोन करून विचारा. तो हो म्हणाला तर कुत्रा आणा, मांजर आणा, दोन्ही आणा. माझी ना नाही.