माझुरेनआलेवरचं रेडिओघर

बर्लिनच्या पश्चिम भागात, माझुरेनआले या रस्त्यावर, 1926 सालच्या पोलादी रेडिओ मनोऱ्यासमोर एक काळपट तपकिरी इमारत उभी आहे. दर्शनी भिंत जवळजवळ दीडशे मीटर लांब, नखशिखांत चकाकत्या फरशांनी मढवलेली. चालता चालता वाटतं, ही संपणारच नाही! हान्स प्योल्त्सिग या वास्तुकाराने घडवलेलं हे रेडिओघर जानेवारी 1931 मध्ये सुरू झालं. जर्मनीच्या राष्ट्रीय नभोवाणीचं मुख्यालय इथेच होतं.

आत शिरलं की मजल्यामजल्यांच्या सज्जांनी वेढलेला उंच चौक लागतो. पुढे दार नसलेला, न थांबणारा पाळणा-लिफ्ट. कर्मचारी चालत्या खणात सहज पाऊल टाकतात आणि वर निघून जातात. मी बघतच राहिलो.

पण खरी करामत आराखड्यात आहे. प्रक्षेपणाची तिन्ही सभागृहं मधोमध, आणि भोवती कार्यालयांच्या ओळी. समोरची सरळ, मागच्या दोन कमानीसारख्या वळलेल्या. नारळाच्या करवंटीत पाणी राहावं तशी इथे शांतता राखलेली आहे. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आधी कचेऱ्यांनी झेलायचा, गायकाच्या माइकपर्यंत तो पोहोचूच द्यायचा नाही. नभोवाणी बाल्यावस्थेत असताना कुणीतरी शांततेचा एवढा विचार केला, याने मी भारावून गेलो.

दोनच वर्षांत त्याच माइकांवर नाझी मंत्री गोबेल्सच्या प्रचारखात्याने ताबा मिळवला. मला याचं फार वाईट वाटतं.

मे 1945 मध्ये सोव्हिएत फौजा आल्या. इमारत बरीचशी शाबूत होती, त्यामुळे त्याच महिन्यात प्रसारण पुन्हा सुरू झालं. मग शहराची वाटणी झाली आणि हा भाग ब्रिटिशांकडे गेला, रेडिओघर मात्र सोव्हिएतांनी सोडलं नाही. ब्रिटिश विभागाच्या पोटात सोव्हिएत पहारा! जून 1952 मध्ये ब्रिटिशांनी काटेरी तारांनी इमारतीला वेढा घातला. आतल्यांना बाहेर पडता येई, बाहेरच्यांना आत जाता येत नसे. पूर्वेकडच्या नभोवाणीने आपला कारभार पूर्व बर्लिनमध्ये हलवला, तरी पहारेकरी इथे होतेच. अखेर 1956 मध्ये इमारत पश्चिम बर्लिनच्या हाती आली आणि पुढच्या वर्षी तिथे शहराची स्वतःची नभोवाणी राहायला आली.

आज रुंडफुंक बर्लिन-ब्रांडेनबुर्ग ही सार्वजनिक संस्था इथून बोलते, आणि मोठ्या सभागृहात वाद्यवृंदांची ध्वनिमुद्रणं होतात.