ब्रेकचे तेल

माझा चिरंजीव चेन्नईस नोकरीला आहे. जोडून सुटी आली की हैदराबादेस आमच्याकडे येण्याऐवजी तो श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टै येथे आपली मोटार पळवावयास जातो. शर्यतींसाठी बांधलेला हा बारा वळणांचा, सुमारे पावणेचार किलोमीटरांचा मार्ग १९९० सालचा. गेल्या हिवाळ्यात त्याच्या आग्रहाखातर मीही गेलो. पाहतो तो काय, तेथली मंडळी वेगाविषयी थोडे आणि ब्रेकविषयीच फार बोलत होती!

चिरंजीवांनी मला समजावून दिले, “बाबा, चौदाशे किलोंची गाडी ताशी १६० किलोमीटरवरून ६० वर आणली, तर जी उष्णता निघते तिच्यात चार लिटर पाण्याला उकळी येईल. आणि हे सारे तीन-चार सेकंदांत.” शहरात ब्रेकला निवावयास उसंत मिळते, येथे पुढचे वळण लगेच समोर उभे. चाकांतील तबकड्या शेकडो अंश तापतात. त्यांवर घासणारे पॅड रोजच्या वापराचे असतील, तर त्यांची पकड सुटते. पेडल घट्ट लागते, पण गाडी थांबत नाही. याहून वाईट प्रकार तेलाचा. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषीत असते. डॉट ४ प्रतीचे कोरे तेल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत तरी उकळू नये, असा दंडक आहे. ओलावा मुरलेल्या तेलासाठी हाच आकडा १५५ वर येतो. तेल उकळले की वाफ होते. तेल दाबले जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, आणि मग पेडल नुसतेच खाली जाते.

सहाव्या फेरीत नेमके तेच घडले. गाडी वळलीच नाही; धुरळा उडवीत सरळ मार्गाबाहेर गेली. तो दार उघडून बाहेर येईपर्यंतचा वेळ मी कसा काढला, ते मलाच ठाऊक.

तेल दोन वर्षे बदललेले नव्हते. दिवाळीत त्याने हा खर्च काढला, तेव्हा “गाडी थांबते ना? मग कशाला?” असे म्हणणारा मीच होतो. मास्तरकीची काटकसर, दुसरे काय! त्याने त्या दिवशी मला त्याची आठवणही करून दिली नाही. तेच अधिक लागले.

आता तो निघण्यापूर्वी पॅडची जाडी मोजतो. ब्रेक रेंगाळत न लावता जोरात आणि थोडाच वेळ लावतो, शेवटची फेरी ब्रेकला शक्यतो न शिवता सावकाश घेतो, आणि गाडी उभी केल्यावर तापल्या तबकड्यांवर हातब्रेक ओढीत नाही.

परवा तो घरी आला, तो तेलाचा नवा डबा घेऊनच. पैसे मी दिले. तो चाकापाशी बसला आणि मला त्याने आत पेडलपाशी बसविले. “दाबा बाबा. धरून ठेवा. हं, आता सोडा.” तासभर हे चालले होते.